सगळ्यात मागची सायकल

मंडळी, या वीकांताला खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरवलं होतं. अर्धं लिहूनही झालं होतं. पण गेल्या रविवारी आमच्या सायकलवाल्या कंपूत एकाने फर्मान काढलं, "काकांवर काहीतरी लिहायला पाहिजे, आणि ते तूच लिही. तुला सवय आहे." सवय कसली डोंबलाची! आठवडाभर ऑफिसात क्लायंटला ईमेल लिहितो आणि शनिवारी हे असं काहीबाही खरडतो. पण नाही म्हणवेना.

काका म्हणजे आमचे काका. नाव देत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. चिकलठाणा एमआयडीसीत तीसेक वर्षं नोकरी, तिन्ही शिफ्टमध्ये आणि तीही सायकलवरून. रिटायर झाल्यावर आमच्यासारख्या कार्ट्यांच्या नादी लागले. आम्ही दर रविवारी पहाटे साडेपाचला गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुलाच्या गेटपाशी जमतो. आमच्या सायकली कार्बनच्या, गियरच्या, हँडलवर जीपीएस. काकांची सायकल काळी, दांडीची, बिनगियरची, मागे कॅरियर आणि पुढे घंटी. कॅरियरला एक कापडी पिशवी बांधलेली. त्यात पंप, पाना, पॅच, सोल्युशनची ट्यूब आणि भाजलेले शेंगदाणे-गूळ. काका कायम सगळ्यात मागे असायचे. आम्हाला आधी वाटायचं वयामुळे. मग लक्षात आलं की ते मुद्दामच मागे राहतात. कोणाचं पंक्चर झालं, कोणाच्या पायात गोळा आला, नवीन आलेल्या कोणाचा दम संपला, की पाच मिनिटांत मागून घंटी वाजायची. "थांब रे बाळा, काय घाई लागलीय. वेरूळची लेणी कुठं पळून चाललीत का?"

काका मागच्या थंडीत गेले. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत.

आता त्यांच्यावर लिहायचं म्हणजे काय लिहायचं? त्यांच्या नावावर एकही रेकॉर्ड नाही, मेडल नाही, सर्टिफिकेट नाही. मग मी आमच्या धंद्यातली नेहमीची युक्ती वापरली. प्रॉब्लेम सुटत नसेल तर आधी दुसऱ्यांनी तो कसा सोडवला ते बघायचं. जगभरातले सायकलवाले आपल्या माणसांची आठवण कशी ठेवतात, हे शोधत बसलो. दोन रात्री त्यातच गेल्या. सापडलं ते सांगतो.

पहिली सापडली पांढरी सायकल. अमेरिकेत सेंट लुईस शहरात २००३ मध्ये पॅट्रिक व्हॅन डर टुइन नावाच्या माणसाने डोळ्यांदेखत एका गाडीला सायकलस्वाराला धडकताना बघितलं. त्याने एक मोडकी सायकल पूर्ण पांढऱ्या रंगाने रंगवली आणि इथे सायकलस्वाराला धडक बसली, अशी पाटी लावून त्याच जागेवर उभी केली. तिथून जाणाऱ्या गाड्या हळू व्हायला लागल्या म्हणताना त्याने मित्रांना घेऊन शहरात आणखी अशा सायकली ठेवल्या. मग ही कल्पना देशोदेशी पसरली. आज कितीतरी शहरांत रस्त्याच्या कडेला खांबाला साखळीने बांधलेली अशी पांढरी सायकल दिसते. जवळ फुलं असतात. इंग्रजीत तिला भुताची सायकल म्हणतात. आपल्याकडे हे नाव ऐकून लोक रस्ता बदलतील :)

दुसरी सापडली मौनाची राइड. तीही २००३ मधलीच, अमेरिकेतल्या डॅलसची. लॅरी श्वार्ट्झ नावाच्या सायकलस्वाराला स्कूलबसच्या आरशाची धडक बसली आणि तो गेला. त्याचा मित्र ख्रिस फेलन याने लोकांना हाक दिली, की एक दिवस सगळे मिळून सायकल चालवू, हळू आणि एक शब्दही न बोलता. हजाराच्या आसपास लोक आले. तेव्हापासून मे महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी जगभरात ही राइड होते. मुख्य नियम दोन. वेग ताशी बारा मैलांच्या, म्हणजे साधारण एकोणीस किलोमीटरच्या वर न्यायचा नाही आणि बोलायचं नाही. आमच्या कंपूला पहिला नियम सोपा आणि दुसरा अशक्य. काकांना उलटं. त्यांचा वेग त्याहून कमीच असायचा, आणि बोलायचेही कमीच.

तिसरा सापडला एक माणूस. म्हणजे सापडला असं नाही, मी त्याला आधीपासूनच ओळखत होतो. शेल्डन ब्राऊन. मॅसॅच्युसेट्समधल्या एका सायकलच्या दुकानात काम करणारा दाढीवाला मेकॅनिक. त्याने सायकलबद्दल त्याला जे जे माहीत होतं ते सगळं वेबसाइटवर फुकट लिहून ठेवलं. चाकाला तारा कशा घालायच्या, चेन किती झिजली की बदलायची, जुन्या इंग्लिश सायकलचं हब कसं उघडायचं. गियर मोजायच्या जुन्या पद्धतींत पेडलच्या दांड्याची लांबी धरत नाहीत हे त्याला खटकलं, म्हणून त्याने स्वतःची नवी पद्धत मांडली. माझ्यासारख्या इंजिनियरला तो आवडणारच. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून कोणी बावळट प्रश्न विचारला तरी तो उत्तर द्यायचा. शेवटच्या काही वर्षांत मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे त्याला दोन चाकांवर तोल सांभाळता येईना, तर तो तीन चाकी सायकल चालवायला लागला. फेब्रुवारी २००८ मध्ये तो गेला. ज्या दुकानात तो काम करायचा तेही २०२१ मध्ये बंद झालं. पण त्याची पानं अजून आहेत. माझ्या सायकलचा मागचा गियर पहिल्यांदा लावला तेव्हा एका खिडकीत शेल्डनचं पान उघडं होतं आणि शेजारी काका उकिडवे बसून "उजवीकडं, अजून थोडं उजवीकडं" करत होते. दोघांचं म्हणणं तंतोतंत जुळत होतं.

हे सगळं ठीक. पण हे झालं परदेशातलं. आपल्याकडे काय?

आपल्याकडचं पहिलं नाव सापडलं ते अनपेक्षित. किर्लोस्कर! पंप आणि इंजिनवाले किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, तेव्हा त्यांनी आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. नुसती सायकल विकून भागत नव्हतं, कारण ती चालवायची कशी हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मग रामूअण्णा गिऱ्हाइकांना सायकल चालवायलाही शिकवायचे. लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी, इंजिनं हे सगळं नंतरचं. आज किर्लोस्कर म्हटल्यावर कोणालाही कारखाना आठवतो. बेळगावच्या रस्त्यावर कोणाची तरी सीट मागून धरून पळणारा माणूस कोणालाही आठवत नाही. (आपल्याला सायकल शिकवताना सीट कोणी धरली होती, ते मात्र प्रत्येकाला आठवतं. गंमत आहे.)

आणि मग सापडली ती मुंबईची सहा पोरं. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागा होतो आणि दुसऱ्या दिवशी स्टँडअप मीटिंगमध्ये बसून पेंगत होतो.

१५ ऑक्टोबर १९२३. मुंबईतल्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या सफरीला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कपाडिया. सगळे विशीतले, म्हणजे माझ्यापेक्षा लहानच. सायकली जड, इंग्लिश बनावटीच्या. साधारण काकांच्या सायकलीच्या आजोबा-पणजोबा म्हणायला हरकत नाही.

पंजाब, बलुचिस्तान करत ते इराणात गेले. इस्फहान, तेहरान, मग बगदाद. बगदादहून सीरियातल्या अलेप्पोपर्यंत ९५६ किलोमीटरचं वाळवंट त्यांनी २३ दिवसांत पार केलं. भागाकार करून बघितला, दिवसाला साधारण ४२ किलोमीटर. ऐकायला काहीच नाही. आमचे पाय एका रविवारी त्याच्या दीडपट जातात. पण आमच्याकडे डांबरी रस्ता असतो, शरणापूर फाट्याला चहा असतो, आणि फारच झालं तर फोन करून टेम्पो बोलावता येतो. त्यांच्यापुढे वाळू, वादळं आणि पखालीतलं मोजकं पाणी.

तिथून पुढे जहाजाने इटली, मग आल्प्स, युरोप, इंग्लंड. पुन्हा जहाजाने अमेरिका. अमेरिका पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत, सुमारे ८,४०० किलोमीटर, पाच महिन्यांत. मग जपान, कोरिया, चीन, व्हिएतनाम, कंबोडिया, सयाम, ब्रह्मदेश आणि ईशान्य भारतातून घरी. १८ मार्च १९२८ ला ते मुंबईत पोचले. एकूण सुमारे ७१,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर, म्हणजे पावणेदोन प्रदक्षिणा.

सवय जात नाही, म्हणून ह्या तारखाही कोडमध्ये टाकून बघितल्या. १५ ऑक्टोबर १९२३ ते १८ मार्च १९२८ म्हणजे १,६१६ दिवस. दिवसाला सरासरी ४४ किलोमीटर. गारखेड्यापासून वेरूळ पस्तीसेक किलोमीटर आहे. तर रोज वेरूळपर्यंत आणि वर थोडं, साडेचार वर्षं, एकही सुट्टी न घेता. आणि आणखी एक गोष्ट कळली. निघाले तो वार होता सोमवार आणि परतले तो रविवार. आम्ही रविवारी निघतो आणि सोमवारी ऑफिसात परत. आमचं नेमकं उलटं आहे.

नंतर या सफरीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९३१ मध्ये छापून आलं. त्यांच्यामागून मुंबईचे आणखीही पारशी निघाले. फ्रामरोज दावर १९२४ मध्ये एकटेच निघाले, व्हिएन्नात त्यांना गुस्ताव्ह स्ताव्यानिक नावाचा ऑस्ट्रियन साथीदार भेटला, आणि दोघांनी सहारा आणि ॲमेझॉनही सोडलं नाही. १९३१ मध्ये दावर परत आले. मग १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ निघाले, ते १९४२ मध्ये परतले. निघाले तेव्हा जगात शांतता होती, परतले तेव्हा महायुद्ध ऐन भरात होतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. वर मी सहा नावं लिहिली. १८ मार्च १९२८ ला मुंबईत परतले ते तीनच. हकीम, बापासोला आणि भुमगरा.

नरिमन कपाडिया तेहरानहून घरगुती कारणासाठी परत फिरले. गुस्ताद हाथीराम यांना अमेरिका इतकी आवडली की ते तिथेच राहिले. (आमच्या बॅचचे निम्मे लोक. यात नवीन काही नाही.) हाथीराम थांबल्यावर पोचखानावालाही पुढे न जाता मुंबईला परतले. उरलेल्या तिघांनी प्रदक्षिणा पूर्ण केली. साहजिकच जिथे जिथे ही गोष्ट थोडक्यात सांगितली जाते तिथे तिघांचं नाव येतं आणि बाकीचे एका वाक्यात निघून जातात. रेकॉर्ड पूर्ण करणाऱ्याचं असतं. त्यात चूक काही नाही. जे पोचले ते पोचले.

पण मी त्या रात्री कपाडियांपाशीच अडकून पडलो. मुंबईहून सायकलवर तेहरान! बलुचिस्तानातून, रस्ता म्हणण्यासारखं फारसं काही नसताना. आज कोणी तेवढंच केलं तर पेपरात चार कॉलमची बातमी येईल. आणि त्या सहाजणांची घडी बसली ती याच टप्प्यात असणार. कोण लवकर उठतो, कोण पाणी जपून पितो, कोण चिडतो आणि कोण समजूत काढतो, हे सगळं तेहरानच्या आधीच ठरून गेलेलं असतं. कुठल्याही प्रोजेक्टमध्ये असतंच ना असं? पहिल्या सहा महिन्यांत पाया घालणारा माणूस रिलीजच्या आधी दुसऱ्या टीममध्ये जातो आणि केक कापताना त्याचं नाव घ्यायचं सगळे विसरतात. किलोमीटर शेवटी पोचणाऱ्यांच्या नावावर लागतात. पण त्या किलोमीटरमध्ये मागे राहिलेल्यांचा वाटा किती, हे कुठलंही यंत्र मोजत नाही.

हे सगळं मी इतकं लांबण लावून का सांगतोय? कारण मला एक गोष्ट कबूल करायची आहे आणि ती आतापर्यंत टाळत आलो.

काका जायच्या आधी दोनेक महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवार. पडेगावच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. नेहमीप्रमाणे पाच मिनिटांत मागून घंटी वाजली. काकांनी टायर काढला, ट्यूब पाण्यात नाही तर ओठांजवळ धरून भोक शोधलं, घासलं, सोल्युशन लावलं. ट्यूब पिळून पिळून शेवटचा थेंब काढला. "घे, संपली बघ. उद्या आणायला पाहिजे." मी घड्याळ बघत होतो. दौलताबादच्या घाटात माझं स्वतःचं रेकॉर्ड मोडायचं मी आठवडाभर ठरवलं होतं. हवा भरून झाल्या झाल्या म्हणालो, "काका, तुम्ही या मागून, मी पुढे होतो." ते म्हणाले, "जा जा." मी गेलो. त्या दिवशी अकरा सेकंदांनी रेकॉर्ड मोडलं. स्क्रीनशॉट टाकला. अंगठे आले.

काका त्या दिवशी वर आलेच नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाले, "कंटाळा आला, परत फिरलो." मी मान डोलावली. ते गेल्यानंतर मागच्या महिन्यात आम्ही मिटमिट्याला चहाला थांबलो होतो, तेव्हा टपरीवाल्याने सहज विचारलं, "ते काळ्या सायकलवाले बाबा कुठं आहेत? मागं एकदा पंक्चर सायकल ढकलत आले होते. सोल्युशन संपलं म्हणाले. चहा दिला तर पैसे देऊनच गेले."

मला गार झालं. दुसऱ्यांची पंक्चरं काढणाऱ्याच्या मागे कोणीच नसतं, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. आणि माणूस "कंटाळा आला" म्हणून मोकळा झाला. माझे अकरा सेकंद अजून ॲपमध्ये आहेत. डिलीट करायला गेलो होतो, मग राहू दिले. असू देत. दिसत राहिलेले बरे.

तर काकांची आठवण कशी ठेवायची यावर गेल्या रविवारी संकुलाच्या गेटपाशी चर्चा झाली. मी पांढऱ्या सायकलीबद्दल सांगितलं. एकाला ते एकदम पटलं. म्हणाला, काकांचीच सायकल पांढरी रंगवून सूतगिरणी चौकात उभी करू. दुसऱ्याने मुद्दा काढला की काका अपघातात गेले नाहीत, मग पांढरी कशी चालेल? बराच वाद झाला. शेवटी ठरलं की सायकल काकूंची आहे, त्यांना विचारू.

आम्ही चौघं गेलो. काकूंनी चहा टाकला, आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगली चालती सायकल कशाला रे उभी करता? ऊन-पावसात गंजून जाईल. यांनी दर रविवारी तेल घातलंय तिला." मग म्हणाल्या की समोरच्या इमारतीचे वॉचमन आहेत, त्यांच्या पोराची शाळा लांब आहे, त्याला देऊन टाकलीय परवाच.

विषयच संपला. आम्ही चहा पिऊन खाली उतरलो तर तो पोरगा गल्लीत सायकल घेऊन होताच. सीटवर बसून पाय पुरत नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून तिरका तिरका चालवत होता. घंटी मात्र सारखी वाजवत होता. आमच्यातला एकजण, ज्याने कधी कोणासाठी थांबून बघितलेलं नाही, तो सायकल भिंतीला टेकवून त्याच्यामागे सीट धरून पळायला लागला.

मौनाची राइड मात्र करायची ठरलीय. पुढच्या रविवारी, दौलताबादच्या पायथ्यापर्यंत, हळू. कोणी बोलणार नाही असं सगळ्यांनी शपथेवर सांगितलंय, बघू.

राहता राहिलं काकांबद्दल लिहायचं. तर मित्रांनो, हेच ते. आकडे मागाल तर माझ्याकडे नाहीत. त्यांनी ॲप वापरलं नाही, त्यामुळे त्यांचे किलोमीटर कुठेच साठलेले नाहीत. आमच्या सगळ्यांच्या किलोमीटरमध्ये ते थोडे थोडे आहेत.

एक राहिलंच. सोल्युशनच्या दोन ट्यूब आणल्यात. रविवारी मी सगळ्यात मागे असेन. आता थांबतो, टायरमध्ये हवा बघायचीय.